डिंगीचा जोड हवा सोडतो तेव्हा: बुडबुड्यावर लावलेलं ठिगळ का टिकत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन कप्प्यांची पीव्हीसीची छोटी डिंगी, म्हणजे हवा भरून फुगवायची होडी. उजवी ट्यूब संध्याकाळी टणक भरली की सकाळी मऊ पडलेली असते. साबणाचं पाणी लावलं तर मागच्या बाजूला, ट्यूब निमुळती होते तिथल्या जोडाच्या कडेने बारीक बुडबुडे दिसतात. त्या जागी दोनदा ठिगळ लावून झालं, एकदा किटमधल्या गोंदाने आणि एकदा बुटांच्या तळव्यांना वापरतात त्या कॉन्टॅक्ट सिमेंटने. दोन्ही वेळा काही दिवसांत हवा ठिगळाच्या शेजारून यायला लागली. आता कोणता गोंद आणावा?

गोंद बदलावा लागेल हे खरं, पण नुसत्या गोंदाने हे मिटणार नाही. तुम्ही हवा जिथून बाहेर पडते ती जागा बंद करताय. जोडात ती शिरते दुसरीकडूनच, आणि ते तोंड अजून उघडं आहे.

जोड आतून कसा असतो ते आधी पाहू. बहुतेक चिकटवलेल्या ट्यूबमध्ये कापडाच्या दोन कडा एकमेकींवर चढवलेल्या असतात किंवा कडेला कड भिडवून आतून आणि बाहेरून अशा दोन पट्ट्या मारलेल्या असतात. आतल्या पट्टीला हवेचा दाब मदत करतो. हवाच तिला कापडावर दाबून धरते. बाहेरच्या पट्टीचं नेमकं उलटं आहे. तिच्याखाली हवा पोचली की हवा तिला सोलायला लागते. हे गोंद ताणाला चांगले उभे राहतात, कड उचलून सोलायला गेलं की मात्र लवकर हार मानतात. म्हणून आतली पट्टी एखाद्या बोटाएवढ्या जागेत सुटली, तरी हवा तिथून शिरते आणि बाहेरच्या पट्टीखालून वाट काढत जाते. कधी वीतभर, कधी हातभर पुढे गेल्यावर तिला कमजोर कड सापडते आणि तिथे तुम्हाला बुडबुडे दिसतात. त्या कडेवर तुम्ही ठिगळ मारलंत, म्हणजे हवेला आणखी थोडं पुढे जायला सांगितलंत.

या जोडावर किती ओढ असते याचा अंदाज असलेला बरा. ४० सेंटिमीटर व्यासाची ट्यूब ०.२५ बार दाबाला भरली तर तिच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या जोडाच्या प्रत्येक सेंटिमीटरवर सुमारे पाच किलोची ओढ पडते. कंकणासारखा गोल फिरणारा जोड असेल तर त्याच्या निम्मी. म्हणजे लांबीचा जोड उकलत असेल तर घाई करायला हवी. तो हळूहळू नाही, एखाद्या उन्हाच्या दिवशी एकदम फाकतो. तुमचा जोड टोकाचा आहे, तिथे थोडी सवड आहे.

पट्टी उचलण्याआधी बाकीच्या शक्यता मात्र काढून टाका. बुडबुडे दिसले म्हणून सगळी हवा तिथूनच जाते असं नसतं.

सगळ्यात आधी व्हॉल्व्ह. टोपी काढून व्हॉल्व्हवर साबणपाणी ओता. आतल्या गोल पडद्यावर वाळूचा एक कण अडकला तरी रात्रीत ट्यूब मऊ पडते. व्हॉल्व्ह दोन भागांचा असतो आणि त्याचे आटे सैल झाले तर कापड आणि व्हॉल्व्हच्या कडेमधून हवा जाते. व्हॉल्व्हचा पाना लावून तो थोडा आवळला की काम झालं. माझ्याकडे ‘जोड गळतोय’ म्हणून आलेल्या डिंग्यांमध्ये व्हॉल्व्हच दोषी निघाला असं बरेचदा होतं, आणि तेव्हा मी मनातून खूश होतो, कारण पुढचं सगळं वाचतं.

दुसरं, तापमान. संध्याकाळी ३० अंशांना भरलेली ट्यूब पहाटे २० अंशांवर आली, तर एक कणही हवा न जाता ०.२५ बारचे ०.२१ बार होतात. हाताला हा फरक स्पष्ट कळतो. त्यामुळे ‘सकाळी मऊ’ एवढ्यावरून काही ठरवू नका. एका सकाळी दाब मोजा, दुसऱ्या सकाळी त्याच वेळेला मोजा. आणखी एक गोष्ट: बरेच दिवस गुंडाळून ठेवलेली डिंगी भरल्यावर कापड थोडं ताणतं आणि पहिल्या तासाभरात दाब आपोआप उतरतो. तासाभराने पुन्हा भरा आणि तिथून मोजायला सुरुवात करा.

तिसरं, आतला पडदा. कप्प्यांना वेगळं करणारा पडदा सुटला असेल तर एका कप्प्याची हवा शेजारच्यात जाते आणि बाहेर कुठेच बुडबुडा दिसत नाही. फक्त उजवा कप्पा बऱ्यापैकी भरा, बाकीचे सैल ठेवा. काही तासांनी शेजारचा कप्पा आपोआप फुगला असेल तर दोष पडद्याचा. हे काम घरी करण्यासारखं नाही. ट्यूब कापून आत हात घालावा लागतो, पडदा चिकटवून वर पुन्हा जोड बांधावा लागतो. तिथे कारागीरच हवा. पडदे सुटतात ते बहुधा भरण्याच्या चुकीच्या पद्धतीने: एक कप्पा ठणठणीत आणि शेजारचा रिकामा. सगळे कप्पे आधी अर्धे भरावेत, मग एकेक करून पूर्ण दाबाला न्यावेत. चाचणीसाठी एकच कप्पा भरताना म्हणूनच पूर्ण दाबापर्यंत जाऊ नका.

आणि डिंगीत पाणी साचतं पण ट्यूब टणक राहते अशी तक्रार असेल तर ती निराळीच. तिथे तळ आणि ट्यूब यांचा जोड किंवा मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, पाणी घेतेय. डिंगी कोरड्या जमिनीवर ठेवून आत पाणी ओता आणि बाहेर कुठे ओल येते ते पाहा. त्या जोडाला हवेचा दाब सोसायचा नसतो, त्यामुळे ती दुरुस्ती बरीच सोपी जाते.

आता मूळ तोंड शोधण्याकडे. या कामात मी सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवतो, तुम्हीही घालवा. ट्यूब पूर्ण दाबाला भरा. भांड्यांचा साबण पाण्यात थोडा दाट कालवा आणि ब्रशने जोडाच्या दोन्ही कडांना, फक्त संशयाच्या जागी नाही, पूर्ण लांबी लावा. मोठा बुडबुडा लगेच दिसतो, पण बारीक गळती पांढऱ्या फेसासारखी हळूहळू वर येते. तिला दोन-तीन मिनिटं द्या. सगळ्या जागा मऊ पेन्सिलीने खुणा करून ठेवा.

मग पट्टीवर अंगठा दाबत सरका. बुडबुडे येत असलेल्या जागेपासून सुरुवात करायची आणि जोडावर बोट-बोट अंतराने जोरात दाबत पुढे जायचं, एक नजर बुडबुड्यांवर ठेवून. ज्या जागी दाबल्यावर बुडबुडे थांबतात, ती जागा हवेच्या वाटेवर आहे. तिथून आणखी पुढे सरका. दाबूनही बुडबुडे येतच राहिले, की तुम्ही मूळ तोंड ओलांडून पुढे आलात. ते या दोन खुणांच्या मध्ये आहे. एका बाजूने काही हाती लागलं नाही तर बुडबुड्यांच्या दुसऱ्या बाजूने तेच करा. अंधार पडल्यावर बॅटरी पट्टीला समांतर, अगदी तिरपी धरली तर पट्टीखाली हवेने उचललेली बारीक वळी सावलीमुळे दिसते. दिवसा ती दिसत नाही.

टोकाच्या निमुळत्या भागात बघायची पहिली जागा म्हणजे जिथे दोन जोड एकमेकांना भेटतात. लांबीच्या जोडामुळे तिथे कापडाची एक पायरी तयार होते आणि तिच्यावरून दुसरी पट्टी जाते. पायरीच्या कुशीत पट्टी नीट बसली नाही तर सुईएवढा त्रिकोणी बोगदा राहतो. मी पाहिलेल्या जोडांच्या गळतीत या जागेचा वाटा मोठा आहे आणि तुमचं वर्णन वाचून माझा पहिला संशय तिथेच जातो.

एक अपवाद सांगतो, कारण तो फसवतो. कधी हवा पट्टीखालून जात नाही, कापडाच्या विणीतून जाते. पॉलिस्टरच्या धाग्यांवर दोन्ही बाजूंनी थर चढवून हे कापड बनतं. आत उघड्या राहिलेल्या कापलेल्या कडेतून हवा धाग्यांमध्ये शिरली की ती धाग्याधाग्याने चालत जाते आणि भलत्याच ठिकाणी, एखाद्या कडीच्या पायाशी किंवा जोडाच्या संपूर्ण कडेने फेसाच्या रेषेसारखी बाहेर येते. एकाच ठिकाणी धार नसून लांबलचक कडेला बारीक फेस असेल आणि अंगठा दाबून काही फरक पडत नसेल, तर हा प्रकार समजा. त्याचा उपाय वेगळा आहे, खाली येतो.

कापड कोणतं आहे याची खात्री केल्याशिवाय गोंद उघडू नका. तुम्ही पीव्हीसी म्हणताय, बहुधा बरोबरच असेल, पण जुनी डिंगी दुसऱ्याकडून घेतलेली असेल तर तपासा. आतून-बाहेरून सारखंच गुळगुळीत, किंचित चकचकीत कापड म्हणजे सहसा पीव्हीसी. बाहेरून मंद, आतून वेगळ्या रंगाचं रबरी कापड म्हणजे हायपॅलॉन. (हायपॅलॉन हे ड्यूपाँट कंपनीचं व्यापारी नाव. त्यांनी २०१० मध्ये उत्पादन थांबवलं, तरी त्या जातीच्या सगळ्या कापडाला लोक अजून तेच म्हणतात.) कुठे न दिसणाऱ्या जागी एमईके (मिथाइल इथाइल कीटोन, गोंद विरघळवणारा द्रव) किंवा ॲसिटोनचा बोळा टेकवा. पीव्हीसी लगेच चिकट होतं, हायपॅलॉनला विशेष काही होत नाही. पॉलिश पेपर फिरवला तर हायपॅलॉनची खोडरबरासारखी भुकटी निघते. जाळून पाहण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पीव्हीसी जळताना निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू फुप्फुसांना इजा करतो.

पीव्हीसीला दोन भागांचा पॉलियुरेथेन गोंद, हायपॅलॉनला दोन भागांचा निओप्रिनवर आधारलेला गोंद. अदलाबदल चालत नाही. ‘दोन भागांचा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. किटमधली गोंदाची इवलीशी ट्यूब बहुधा एकाच भागाची असते आणि तिचं काम तुम्हाला किनाऱ्यापर्यंत आणण्याचं. बुटांचं कॉन्टॅक्ट सिमेंट उन्हात मऊ होतं आणि पेट्रोल लागलं तर सुटतं. पीव्हीसी पाइपचं सिमेंट कडक पाइपसाठी आहे, लवचीक कापडावर ते काचेसारखं तडकतं. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन रबरासाठी, पीव्हीसीला ते धरतच नाही. फेविक्विकच्या जातीचे गोंद घडीवर मोडतात. आणि बाथरूमचं सिलिकॉन? ते लावलं असेल तर मी ती डिंगी हातात घ्यायला कुरकुरतो. ते स्वतः चिकटत नाही आणि त्या जागी नंतर दुसरं काही चिकटू देत नाही. चमक आणायला सिलिकॉनचं पॉलिश मारत असाल तर त्याचाही परिणाम तोच, दुरुस्तीच्या भागातून ते आधी पूर्ण निघायला हवं.

जुनी पट्टी उचलणं. आधी तुमची दोन्ही ठिगळं काढा. हीट गन कमी उष्णतेवर ठेवा, सतत हलती ठेवा, पट्टी हात टेकवता येणार नाही इतकी गरम झाली की बोथट पट्टी-चाकूने कड उचला आणि पट्टी मागे दुमडून, ट्यूबला जवळपास चिकटूनच, सावकाश ओढा. वर ओढू नका. कापडाला फुगे यायला लागले तर उष्णता जास्त झाली. धागे दिसायला लागले तर ओढणं थांबवा, थोडं आणखी गरम करा, कोन बदला. मूळ तोंडाच्या दोन्ही बाजूंना पट्टी इतकी उचला की जुना जोड स्वतःहून घट्ट धरून बसलेला सापडेल, आणि त्याच्या पलीकडे आणखी दोन-तीन सेंटिमीटर. सुटलेल्या भागाची कड कधीच पूर्ण शाबूत नसते.

पट्टी उचलताना एक गोष्ट दिसली तर मन घट्ट करा. गोंद न सुटता कापडावरचा रंगीत थरच धाग्यांपासून पापुद्र्यासारखा निघत असेल, तर गोंदाचा प्रश्न संपला, कापड संपलं आहे. छोट्या जागेत असेल तर त्याहून मोठं ठिगळ शाबूत थरावर लावून भागतं. जोडभर तेच दिसलं तर पुढची मेहनत वाया.

आता सफाई. पीव्हीसीवरचा जुना गोंद एमईकेमध्ये भिजवून पिळलेल्या फडक्याने मऊ करायचा आणि चोळून गोळ्या-गोळ्या करून काढायचा. फडकं ओलं हवं, टपकणारं नको. जास्त झालं तर खालचा थरही विरघळायला लागतो. फडकं वारंवार बदला, नाहीतर एकीकडचा गोंद दुसरीकडे फासला जातो. पीव्हीसीला खरखरीत पॉलिश पेपरची गरज नाही, चकाकी मोडण्यापुरता हलका हात पुरे. हायपॅलॉनचं उलट: ६० ते ८० नंबरच्या पेपरने कापड सगळीकडे मंद, मखमली दिसेपर्यंत घासावंच लागतं, धागे उघडे न पाडता, आणि नंतर टोल्युइनने पुसावं लागतं. साबणाच्या चाचणीनंतर भाग साध्या पाण्याने धुऊन एक दिवस वाळू द्या. साबणाचा पातळ थर राहिला तर गोंद त्याच्यावर चिकटतो, कापडावर नाही.

हे सगळे द्रव पदार्थ ज्वालाग्राही आहेत आणि त्यांची वाफ जड असते, खाली साचते. उघड्यावर किंवा खिडक्या-दारं सताड उघडी ठेवून काम करा, हीट गन आणि एमईके एकाच वेळी चालू नकोत. गोंदाच्या दुसऱ्या भागात, म्हणजे त्याला घट्ट करणाऱ्या हार्डनरमध्ये, आयसोसायनेट असतं. त्याची एकदा श्वसनाला ॲलर्जी बसली की पुढे अगदी थोड्या वासानेही दमा उठतो. धुळीचा साधा मास्क वाफेला अडवत नाही, सेंद्रिय वाफेचं काडतूस असलेला मास्क आणि हातमोजे हवेत.

नवी पट्टी जुन्यापेक्षा रुंद घ्या. ठिगळ असेल तर दोषाच्या सगळ्या बाजूंनी पाच सेंटिमीटर, जोडाची पट्टी असेल तर एकूण पाच-सहा सेंटिमीटर रुंद. कोपरे गोल करा, कारण टोकदार कोपरा नेहमी आधी उचलला जातो. निमुळत्या टोकावर सरळ कापलेली पट्टी वळत नाही, तिला चुण्या पडतात आणि प्रत्येक चुणी म्हणजे हवेची नवी नळी. तिथे कापड धाग्यांना तिरपं, ४५ अंशांत कापा. तशी पट्टी वळणाबरोबर बसते. पायरीच्या जागी खालच्या कापडाची कड उभी ठेवू नका. पॉलिश पेपरने ती उतरती करा, म्हणजे पट्टी पायरीवरून उडी न मारता उतरेल.

पट्टी लावताना ट्यूब रिकामी हवी. भरलेल्या ट्यूबवर ओल्या गोंदातून हवा बाहेर येत राहते आणि स्वतःसाठी वाट कोरून ठेवते. माझा अंदाज आहे की तुमचं निदान एक ठिगळ तरी असंच गेलं असेल. हवा काढा, व्हॉल्व्ह उघडा ठेवा, भाग सपाट करून खाली फळी द्या, पट्टी जागेवर ठेवून भोवती पेन्सिलीने रेघ मारा आणि रेघेबाहेर मास्किंग टेप लावा. टेपमुळे काम देखणं दिसतं हे आहेच, पण गोंद रेघेपर्यंत बिनधास्त नेता येतो हा खरा फायदा. कडेला गोंद कमी पडतो तो हात आखडल्यामुळेच.

वेळ निवडताना तापमानाबरोबर हवेतला दमटपणा पाहा. १८ ते २५ अंश उत्तम. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल तर काम पुढे ढकला. गोंदातला द्रव उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेत त्यावर न दिसणारं दव जमतं. दोन दव जमलेले थर एकमेकांवर दाबले तर त्या क्षणी चिकटल्यासारखे वाटतात आणि आठवड्याने अख्खे सुटून येतात. गोंद खराब निघाला अशी तक्रार होते त्यातली पुष्कळ प्रकरणं ही दवाची असतात. थेट उन्हातही नको, कारण वरचा पापुद्रा सुकतो आणि आत द्रव अडकतो.

हार्डनरचं प्रमाण डब्यावर दिलेलं असतं आणि ते गोंदाच्या मानाने अगदी थोडं, काही टक्केच असतं. डोळ्याने अंदाज करू नका. छोटा वजनकाटा किंवा सुई काढलेली सिरिंज वापरा. जास्त हार्डनर घातला तर जोड मजबूत होत नाही, ठिसूळ होतो. उघडलेली हार्डनरची बाटली हवेतली ओल ओढून घेते. तो गढूळ किंवा दाट झाला असेल तर टाकून द्या, मागच्या हंगामातला अर्धवट डबा वापरण्याचा मोह आवरा. मिसळल्यानंतर गोंद साधारण तास-दोन तास कामाचा राहतो, म्हणून लागेल तेवढाच मिसळा.

पहिला हात पातळ, कापडावर आणि पट्टीवर दोन्हीकडे, आखूड कडक केसांच्या ब्रशने चोळून. हा हात कापडात मुरण्यासाठी असतो. त्याला अर्धा ते एक तास, बोटाला अजिबात न लागेपर्यंत वाळू द्या. मग दुसरा हात, पहिल्याच्या आडव्या दिशेने. आता घड्याळापेक्षा बोटाच्या मागच्या बाजूवर विसंबा. सांध्याची पाठ टेकवली की चिकटल्यासारखं वाटावं, पण गोंद बोटावर येऊ नये आणि तार सुटू नये. हवेनुसार याला पाच मिनिटं लागतील किंवा पंधरा. ओलं असताना जोडलं तर आत द्रव कोंडून फुगे येतात. वेळ उलटून गेली तर, निदान पीव्हीसीच्या बाबतीत, दोन्ही थर हेअर ड्रायरने गरम करून पुन्हा चिकट करता येतात. काही कारागीर मुद्दामच असं करतात: पूर्ण सुकू देतात, मग गरम करत करत इंचाइंचाने पट्टी बसवतात. लांब पट्टीसाठी मलाही तीच रीत आवडते.

पट्टी एकदा टेकली की हलत नाही. म्हणून मध्ये मेणकागद ठेवा, एका टोकाला रेघेवर बरोबर बसवा आणि कागद मागे ओढत ओढत पट्टी खाली सोडत जा. पट्टी ताणून बसवू नका, ती आयुष्यभर परत आखडायचा प्रयत्न करेल. बसली की लहान कडक रोलरने मध्यापासून कडांकडे जोर लावून फिरवा. पायरीच्या कुशीत रोलर पोचत नाही, तिथे चमच्याची पाठ किंवा गोल केलेली लाकडी काडी वापरा. या गोंदांना वजन ठेवून दाबत बसण्यापेक्षा त्या पहिल्या काही मिनिटांतला जोर लागतो. त्यामुळे वर विटा रचण्याची गरज नाही, दमेपर्यंत रोलर फिरवा.

मग थांबा. २४ तासांनी ती घट्ट वाटेल, पण पूर्ण ताकद यायला बहुतेक गोंदांना आठवडा लागतो. तीन दिवसांनी आकार येईल इतपत हवा भरायला हरकत नाही, पूर्ण दाब सात दिवसांनी. त्या दिवशी आधी पुन्हा साबणपाणी, नंतर सकाळ ते सकाळ दाबाची नोंद. आदल्या दुरुस्तीत दोन्ही वेळा ‘काही दिवसांनी’ गळती आली होती, तेव्हा पहिल्या चांगल्या सकाळवर समाधान मानू नका. आठवडाभराने पुन्हा मोजा.

आतली पट्टीच बरीच लांब सुटली असेल तर? बाहेरची पट्टी उचलल्यावर भिडलेल्या दोन कडांमध्ये फट दिसेल. ती थोडी फाकवून सपाट ब्रशने किंवा सिरिंजने आतल्या पट्टीवर आणि कापडाच्या आतल्या बाजूला गोंद पोचवता येतो. वाळेपर्यंत फट काडीने उघडी ठेवायची, मग खाली फळीचा आधार देऊन दाबून बसवायचं. हातभर लांबीपर्यंत हे घरी जमतं. सावकाश, चिडचिड न करता करायचं काम आहे.

जोड चिकटवलेला नसून उष्णतेने वितळवून जोडलेला असेल, तर पट्टी उचलण्याच्या फंदात पडू नका. असा जोड बहुधा एका ठिपक्याएवढ्या जागी सुटतो. तिथे व्हॅक्यूम क्लिनर वापरता येतो: त्याची नळी व्हॉल्व्हला लावून ट्यूबमधून हलकी हवा ओढायची आणि गळतीच्या जागी पातळ केलेला पीव्हीसीचा गोंद थेंबथेंब सोडायचा. हवा ज्या वाटेने बाहेर येत होती त्याच वाटेने गोंद आत ओढला जातो. एक-दोन थेंब आत गेले की ओढणं लगेच थांबवा, कारण द्रवाची वाफ क्लिनरच्या मोटरपर्यंत जाऊ देणं धोक्याचं आहे. त्यापेक्षा ज्या पायपंपाला हवा ओढायचं तोंड असतं तो वापरलेला अधिक बरा. मी तोच वापरतो. त्यावर मग नेहमीसारखी पट्टी.

ट्यूबच्या आत ओतायची द्रव सीलंट मिळतात, त्यांच्याबद्दल टोकाची मतं ऐकू येतात. माझं मत असं: वर सांगितलेली विणीतून जाणारी फेसाची गळती असेल तर ती खरोखर काम करतात. आत ओतून डिंगी सगळ्या बाजूंनी फिरवली की द्रव उघड्या कडांवर पसरतो आणि सुकतो. पण सुटलेल्या जोडावर तो निरुपयोगी आहे, आणि नंतर जोड आतून चिकटवायची वेळ आली तर त्याचा थर आडवा येतो. तुमच्या बाबतीत तो आज ओतू नका. आधी पट्टीचं काम करा, मग बारीक फेस उरलाच तर त्याचा विचार करा.

हा जोड मुळात का सुटला, हेही पाहून ठेवा, नाहीतर डावी ट्यूब रांगेत उभीच आहे. २० अंशांना ०.२५ बारला भरलेल्या ट्यूबमधली हवा उन्हात ४५ अंशांवर गेली तर दाब ०.३६ बारच्या आसपास जातो. त्यात गरम झालेला गोंद मऊ असतो, म्हणजे जोड सगळ्यात कमजोर असताना ओढ सगळ्यात जास्त. पाण्यातून काढून उन्हात ठेवताना प्रत्येक कप्प्यातली थोडी हवा सोडा आणि वर आच्छादन टाका. आणि उजव्या टोकावर काम सुरू असताना डाव्या टोकाच्या पायरीवरही तिरपी बॅटरी मारून बघा. दोन्ही बाजू सहसा एकाच हाताने, एकाच दिवशी चिकटवलेल्या असतात. तिथे पट्टीची कड नखाने सहज उचलली जात असेल तर गोंद मिसळलेलाच आहे, त्याच दिवशी तीही उरकून घ्या.